चार नंबरचं मशीन

मिलिंद,

अभ्यासिकेतली तुझी सहाही मशीनं पुसायला मी जऊळक्याला आलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पेन ड्राइव्ह खिशात होता. त्यावर मी वापरतो ते लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, तयार बांधलेली, घातली की वीस मिनिटांत चालू होणारी. इतकी वर्षं तू मला त्या मशीनच्या जवळ पेन ड्राइव्ह नेऊ दिला नाहीस. आता अडवायला कोणी नव्हतं, आणि गाडीवरून उतरताना मला त्याचाच राग आला होता.

मला पाठवलं सुनंदावहिनींनी. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणाच्या पंगती चालू होत्या, मी हात धुऊन कोपऱ्यात उभा होतो. वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "सर, एक काम सांगू काय? अभ्यासिकेतले काम्पुटर बिघडून राह्यले. परीक्षेच्या सरावाची साईट उघडतच नाई म्हणते पोट्टे. हे गेल्यापासून कोणं हात लावला नाई त्याले."

मी म्हणालो, "बघतो, वहिनी."

"पाह्यजा बरं. फेब्रुवारीत परीक्षा हाय पोरायची. बंद नका पडू देऊ. त्याईचं तेवढंच त मागं राह्यलं."

दोन मुलींची आई हे म्हणते, याचा अर्थ मला कळला. विहाराशेजारची ती पत्र्याची खोली, सहा टेबलं आणि सहा जुनी मशीनं तिसऱ्या लेकरासारखी तिच्या घरात वावरलेली होती. तू दुकानात जेवायला विसरायचास, अभ्यासिकेत कधी विसरला नाहीस.

बिघाड काय असणार हे मला न बघताच ठाऊक होतं. तुझं हिवाळ्यातलं मोठं काम, सगळं नव्यानं बांधायचं, राहून गेलं होतं. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, थंडी पडायला लागली, आणि तू आणखी महिनाभर थांबायला तयार नव्हतास. त्यामुळे ब्राउझर गेल्या वर्षीचाच राहिला, आणि साईटवाल्यांनी जुना ब्राउझर घेणं बंद केलं.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं का? आमच्या ज्युनियर कॉलेजच्या बोअरची मोटर जळाली होती. रिसोडातला माणूस चार दिवस आला नाही, तेव्हा कोणीतरी म्हणालं, जऊळक्याला एक पोरगा आहे, मोटरीच्या तारेचं वाइंडिंग पक्कं करतो. तू मोटर न्यायला आलास आणि लॅबच्या दारात उभा राहिलास. माझ्या पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या ओळी धावत होत्या. तू विचारलंस, "सर, हे आतून कसं हाय, पाह्यता येते काय?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की लिनक्सचं हेच तर वैशिष्ट्य आहे, आतला सगळा मजकूर, म्हणजे सोर्स, कोणालाही वाचायला मिळतो. मी स्वतः तो कधी वाचलेला नव्हता. शिकवताना सांगायचं म्हणून सांगत होतो.

तू मात्र ते खरं धरलंस. सहा महिन्यांनी मोटरचे पैसे न्यायला आलास तेव्हा मला विचारायला लागलास, की सर, तुमच्या मशीनमधलं हे कोणी बांधलं? कुठल्या मापानं बांधलं? मी म्हणालो, दूर कुठेतरी चांगली माणसं बांधून ठेवतात, आपण उतरवून घ्यायचं. तुझा चेहरा असा झाला, जणू मी तुला शिळी भाजी वाढली होती.

"म्हणजे आत तांबं हाय का ॲल्युमिनियम, तुमाले ठावं नाई?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि आजतागायत मिटलेलं नाही. तू गेलास हे सोयीचं कारण मी ऐकून घेणार नाही.

नवख्या माणसाला सांगायचं तर भांडण एवढंच. लिनक्स दोन रीतींनी घेता येतं. एक माझी, तयार पाकिटांची. तेच पाकीट लाखो लोकांच्या मशीनवर चालतं, खोट असली तर माझ्याआधी दुसऱ्या कोणाला तरी सापडते, दुरुस्त होऊन येते. दुसरी तुझी. सोर्स आणायचा, आपल्या मशीनवर आपण बांधायचा, हवं ते ठेवायचं, नको ते गाळायचं. त्याला तासन्‌तास लागतात, मशीन तापतं, आणि मध्येच अडलं तर पहिल्यापासून. दोघंही म्हणायचो, माझं जास्त टिकाऊ. मी टिकाऊ म्हणायचो ते म्हणजे जे काल होतं तेच आज, तेच उद्या. तू म्हणायचास, "टिकाऊ म्हणजे बिघडलं त कुठं बिघडलं थे मले दिसलं पाह्यजे." एकच शब्द घेऊन आपण दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतो हे मला फार उशिरा उमगलं. तुला बहुतेक आधीच उमगलं होतं, पण भांडण बंद पडेल म्हणून तू बोलला नसशील.

भांडायची जागा शिरपूर. रिसोडहून मी एसटीनं यायचो, तू जऊळक्याहून मोटरसायकलवर, मधलं गाव म्हणून. महिन्यातून एक रविवार. देवळाकडे जाणारे यात्रेकरू आपल्या बाकावरून पिशव्या ओढत जायचे आणि आपण दोघं सोर्स बांधणारा प्रोग्राम, म्हणजे कम्पायलर, या विषयावर हातवारे करत असू. चहावाल्याला वाटायचं जमिनीचा वाद आहे. एकदा त्यानं मध्ये पडून आपली समजूतही काढली होती. "जाऊ द्या ना भाऊ, भाऊबंदकीत काय ठेवलं?"

त्याच बाकावर तू मला पहिल्यांदा अरे-तुरे केलंस. तोवर "सर, तुमी." त्या दिवशी मी म्हणालो, की तुझ्या त्या बांधकामात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. तू ताडकन उठलास आणि म्हणालास, "मास्तर, तू आयुष्यात एक तरी गोष्ट खोलून पाह्यली काय रे?" मग तू घाबरून म्हणालास, "माफ करजा सर." मी म्हणालो, मास्तर चालेल. तेव्हापासून जगात मला मास्तर म्हणणारा एकच माणूस होता.

तुझ्या रीतीत एक गंमत होती, ती मी कधी कबूल केली नाही. वर्षातून एकदाच मोठं बांधकाम, तेही थंडीत. उन्हाळ्यात आपल्याकडे माणूस सावलीत उभा राहून वितळतो, तिथे मशीनला सलग काम लावणं म्हणजे जाळणं. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. म्हणून पौषाची थंडी, सकाळी सुरुवात, दिवे लागायच्या वेळेला थांबवायचं, दुसऱ्या दिवशी पुढे. आणि मशीनजवळ कोणीतरी बसलेलं असलंच पाहिजे. मोटर नवीन बांधली की तू पहिला तासभर तिच्यावर हात ठेवून बसायचास, तोच नियम इथे. काम संपलं की तुझा मेसेज यायचा, "सहाई चालू." आणि मी दरवर्षी एकच उत्तर पाठवायचो, "किती तास गेले?" तू इमानदारीनं आकडा कळवायचास. मी हसायचो. माझी वीस मिनिटं.

एका उन्हाळ्यात मात्र तू स्वतःचाच नियम मोडलास. गावचा कोणीतरी पुण्याला नोकरीला होता, त्यानं अभ्यासिकेला बऱ्यापैकी नवं मशीन दिलं. ते झालं एक नंबर. तुला राहवलं नाही. खास त्याच्या प्रोसेसरच्या मापानं सगळं बांधलंस, त्याची सगळी ताकद वापरेल असं. एक नंबर असा पळायला लागला, की तू मला फोनवर त्याचा आवाज ऐकवलास. मग तेच बांधलेलं उचलून बाकीच्या पाचांवर टाकलंस. पाचही जागच्या जागी बसली. जुन्या प्रोसेसरना ती भाषाच येत नव्हती.

मी हसलो. एक रविवार नाही, तीन रविवार हसलो. चहावाल्याला सांगितलं, भोवतीच्या लोकांना सांगितलं, ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनाही सांगितलं. तू फक्त "बरं बरं" म्हणत राहिलास. त्यानंतर तू अभ्यासिकेत नेमकं काय करतोस हे मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, रुसला. माफी मागायची हे मनात होतं. एवढंसं बोलायचं राहून गेलं आणि तू दुपारी दुकानात अर्धी बांधलेली मोटर समोर ठेवून गेलास.

आणखी एक गोष्ट आहे, ती याहून वाईट. गेल्या वर्षी आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी माझ्या लॅबमधली वीसच्या वीस मशीनं पडली. आदल्या दिवशी मी अपडेट घेतलं होतं. पाकीट एकच, खोटही एकच, म्हणून सगळी एकाच जागी, एकाच ओळीवर अडली. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसून होते आणि मी घामानं भिजलेलो. परीक्षा दुपारवर ढकलावी लागली. त्या रविवारी तू विचारलंस, "परीक्षा झाली काय रे नीट?" आणि मी म्हणालो, लाईट गेली होती, उशीर झाला. तू माझ्याकडे बघितलंस, "असन बा," म्हणालास आणि दुसरा चहा सांगितलास. मी खोटं बोललो होतो, मिलिंद. रिसोडात त्या दिवशी दिवसभर लाईट होती.

तर मी अभ्यासिकेत आलो. सकाळचे दहा, सहाही खुर्च्या भरलेल्या. मला बघून सगळी उभी राहिली, जशी तुला बघून कधी राहिली नसतील. मी अवघड कामापासून सुरुवात करावी म्हणून चार नंबरकडे गेलो. ते मशीन मीच दिलेलं. आमच्या लॅबनं मोडीत काढलेलं. "फेकायचंच आहे, ने," असं म्हणून तुझ्या मोटरसायकलवर बांधून दिलं होतं. त्यावर निकिता बसली होती. तिचे आईवडील दोघंही रोजमजुरीला जातात आणि ती तिसऱ्यांदा भरतीची परीक्षा देते आहे. तिला उठवलं, पेन ड्राइव्ह लावला.

पडद्यावर एकच ओळ आली. हा प्रोसेसर आता चालत नाही. एवढंच. माझ्या लाखो लोकांच्या पाकीटवाल्यांनी मध्येच कधीतरी ठरवलं होतं, की इतकी जुनी मशीनं सोडून द्यायची. मला पत्ताच नव्हता, कारण माझ्या लॅबमध्ये इतकं जुनं काही उरलंच नव्हतं. ते सगळं मी तुला देऊन मोकळा झालो होतो.

मी म्हणालो, "हे बंद करावं लागेल. बाकी पाच होतील."

निकिता म्हणाली, "मंग मी कुठीसा बसू, सर?"

वेळा ठरलेल्या, खुर्च्या ठरलेल्या, बाहेर पायरीवर पुढचे सहा जण येऊन बसलेले. ती हळूच म्हणाली, "मिलिंददादानं त चालवला होता."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि चहाबरोबर एक वहीसुद्धा. दुकानातली, तेलकट बोटांचे ठसे असलेली, ज्यात तू मोटरी लिहायचास. "हे घ्या. त्याईनं सगळं मोटरीच्या वहीतच लिवलं. मले काई समजत नाई."

पान उलटलं. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, तार अमुक, फेरे तमुक. पाचची मोटर, जळालेली, खाचा साफ केल्या. आणि त्याच हिशेबात, त्याच अक्षरात, "अभ्यासिका, ६ नग." त्या उन्हाळ्याची नोंदही होती.

"एक नंबरच्या मापानं बांधलं. बाकी पाच बसले. मास्तर हसला, बरोबर हसला. आता चार नंबरच्या मापानं बांधायचं. चार चालला त सगळे चालतात. एक नंबर हळू चालन, चालू दे."

मी मोठ्यानं हसलो. सगळ्या पोरांनी माना वर केल्या. अरे लेका, माझे पाकीटवाले दुसरं काय करतात? सगळ्यात कमी ताकदीच्या मशीनचं माप धरायचं, एकदा बांधायचं, सगळ्यांना वाटायचं. एक नंबरवर बांधून बाकीच्या पाचांना तू तयार पाकिटंच पुरवत होतास. तू हरला होतास, मिलिंद. कधीचा हरला होतास, आणि मला कळवलं नाहीस. पंधरा वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो, आणि हे ज्याच्या तोंडावर सांगायचं तो माणूस नव्हता. हसता हसता माझा आवाज फुटला. निकितानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

पण माझ्या हातात पेन ड्राइव्हही होता ना. माझ्या लोकांनी चार नंबर टाकून दिला होता. तू त्याचं माप धरून बाकी सगळ्यांना त्याच्या चालीनं चालवलं होतंस. एकाच सकाळी मी जिंकलो आणि हरलो, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला समजेना.

मग आणखी चार पानं उलटली. तिथे एक ओळ होती, कुठल्याच मोटरीखाली नाही, कुठल्याच मशीनखाली नाही. "मास्तरची लॅब बसली. वीसच्या वीस. कॉलेजच्या पोट्ट्यानं सांगतलं. मास्तर सांगत नाई. इचारायचं नाई."

तू मला ओळखून होतास. मी तुला तीन रविवार बाजारात उभं केलं, आणि तुझ्या हाती माझी फजिती आली तेव्हा तू ती मोटरीच्या वहीत लिहून मिटून टाकलीस. वर दुसरा चहाही सांगितलास. खोटं बोललो त्याची माफी मागतो. हसलो त्याचीही. दोन्ही एकदम मागतो, कारण पुढचा रविवार नाही.

पेन ड्राइव्ह परत खिशात घातला. कॉलेजात चार दिवस रजा टाकली आणि तुझ्या वहीवरून तुझ्या रीतीनं बांधायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खोलून बघत होतो, तू म्हणायचास तसं. एक नंबरवर काम लावलं, चार नंबरचं माप दिलं. पोरं आळीपाळीनं शेजारी बसली. पहिल्या दिवशी दुपारी तीनला ब्राउझर बांधताना सगळं थांबलं, लाल अक्षरांत काहीतरी आलं, आणि माझा हात सवयीनं फोनकडे गेला. तुझा नंबर काढला सुद्धा. मग फोन उलटा ठेवला आणि वही उघडली. तू लिहून ठेवलं होतंस, "ब्राउझरच्या टायमाले एका वेळी एकच काम लाव. मेमरी भरते. घाई करू नको." शेवटचे तीन शब्द कोणासाठी होते कोण जाणे. वहीत तू स्वतःला कधी असं बोललेला दिसत नाहीस.

मला तुझं सगळं पटलं असं समजू नकोस. तुझं बांधकाम तू गेल्यापासून दोन महिने जागच्या जागी थांबलं होतं, माझं कधी थांबलं नसतं. माझी लॅब तयार पाकिटांवरच राहील. शिरपूरच्या बाकावर हे मी तुला ठणकावून सांगितलं असतं आणि तू म्हणाला असतास, "मंग चार नंबर कोणं चालवला बे?" म्हणून मी निकिताला आणि आणखी दोघांना शेजारी बसवून सगळं लिहून घ्यायला लावलं, तुझ्याच वहीत, मोटरींच्या पुढच्या पानावर. पुढच्या थंडीत ती करतील. मी बाजूला बसून नावं ठेवीन.

काल दुपारी काम संपलं. एकेक करून सहाही चालू केली, चार नंबर सगळ्यात शेवटी. तो त्याच्या वेळेनं उठला. निकितानं सरावाची साईट उघडली, पहिला प्रश्न आला, आणि तिनं माझ्याकडे न बघता सोडवायला घेतला.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. फोन काढला. तुझ्या नावाखाली आपले जुने मेसेज तसेच होते, दर हिवाळ्याचा एक आणि त्याखाली माझं टोमण्याचं उत्तर. कोणी वाचणार नाही हे ठाऊक असून मी लिहिलं, "सहाई चालू," आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. तुझ्या नंबरवरून मेसेज. मोटरवाल्यांचे फोन येतात म्हणून वहिनींनी तुझा फोन चालू ठेवलाय, हे मी विसरलोच होतो. त्यांनी वरचे सगळे मेसेज वाचले असणार, आणि आपली रीत त्यांना कळली असणार. एवढंच लिहिलं होतं:

"किती तास गेले?"

आतून पोरांच्या टायपिंगचा आवाज येत होता. मग डोळे पुसले आणि खरं ते लिहिलं.

"एकवीस, वहिनी. मिलिंदचे एकोणीस होते."